डब्यावरचे सहा दिवस विसरा: किटमधून पहिली बिअर

तुमचा प्रश्न मला कळला तो असा. वाढदिवसाला कुणीतरी बिअरचं किट दिलं. त्यात हॉप्स (बिअरला कडवटपणा आणि सुवास देणारी फुलं) घातलेल्या माल्ट एक्स्ट्रॅक्टचा, म्हणजे मोड आणलेल्या धान्याच्या घट्ट पाकाचा, १.७ किलोचा डबा, झाकणाखाली यीस्टची पुडी आणि घडी घातलेलं एक पत्रक. पत्रक म्हणतं, एक किलो साखर घाला, पाणी घालून २३ लिटर करा, सहा दिवसांत आंबून होईल, मग बाटल्या भरा. तुम्हाला विचारायचंय की सामान काय घ्यावं, पत्रक तंतोतंत पाळलं तर बिअर पिण्याजोगी होते का, आणि किटच्या भानगडीत न पडता सरळ धान्यापासून सुरुवात केलेली बरी का.

या तिन्हींची उत्तरं देते. पण माझ्या मते खरा प्रश्न चौथाच आहे आणि तो तुम्ही विचारलेला नाही: हे २३ लिटर दोन-तीन आठवडे ठेवणार कुठे, आणि त्या जागेचं तापमान किती असतं?

असं का म्हणते ते सांगते. बिअर करायची म्हणजे आधी मोड आणून वाळवलेलं बार्ली गरम पाण्यात भिजत ठेवून त्यातल्या पिठुळाची (स्टार्चची) साखर करायची, तो गोड रस, म्हणजे वर्ट, गाळायचा, हॉप्स घालून तासभर उकळायचा, झटपट थंड करायचा आणि मग यीस्ट घालायचं. किट बनवणाऱ्यांनी यातलं यीस्टच्या आधीचं सगळं उरकलेलं असतं आणि रसातलं पाणी उडवून तो डब्यात भरलेला असतो. म्हणजे तुमच्या वाट्याला येतं ते फक्त आंबवणं. तुमच्या बिअरची चव ठरणार ती तिथेच. डब्यात बिअर नसते, यीस्टचं जेवण असतं. बिअर यीस्ट करतं, आणि ते कोणत्या तापमानाला जेवलं आणि त्याला पूर्ण जेवू दिलं का, यावर सगळं अवलंबून. दोन शेजाऱ्यांनी एकाच दिवशी घेतलेल्या एकाच किटची एकाकडे छान बिअर होते आणि दुसऱ्याकडे थिनरसारखा वास येतो, तेव्हा दोष डब्यात नसतो.

मी चौदा वर्षं घरी बिअर करते आहे. पहिली तीन वर्षं फक्त किटं, मग धान्यापासून, आणि आता पुन्हा वर्षातून दोन-तीनदा किट, कारण प्रत्येक वेळी अख्खी दुपार भांड्यापाशी उभं राहायची हौस उरलेली नाही. तेव्हा किटला नाकं मुरडणाऱ्यांपैकी मी नाही.

सामानाआधी एक गोष्ट: तुम्ही राहता तिथे घरी बिअर करायला कायद्याची परवानगी आहे का, ते पाहून घ्या. हे नियम देशागणिक, कधी राज्यागणिक बदलतात. ब्रिटनमध्येसुद्धा १९६३ पर्यंत घरगुती बिअरला परवाना लागायचा, आणि अमेरिकेत केंद्राच्या कायद्याने ही मोकळीक दिली ती १९७८ मध्ये.

आता सामान. झाकणाची, खाण्याचे पदार्थ ठेवायच्या प्लास्टिकची ३० लिटरची बादली, म्हणजे फर्मेंटर. २३ लिटर करायचे तर ३० ची का? कारण पहिल्या दोन-तीन दिवसांत वर जाड फेस चढतो आणि त्याला जागा लागते. काठोकाठ भरलेली बादली रात्री झाकण उचलून जमिनीवर ओघळते, हे मी स्वतः पुसलेलं आहे. बाहेरून चिकटवायची तापमानपट्टी. हायड्रोमीटर, म्हणजे द्रव पाण्याच्या किती पट घन आहे हे दाखवणारं तरंगतं मापक, आणि त्याची उंच नळी. बिअर काढायला सायफनची नळी किंवा बादलीलाच खाली तोटी. बाटल्या, झाकणं आणि झाकण दाबायचं यंत्र. ग्रॅम दाखवणारा छोटा वजनकाटा. आणि सॅनिटायझर. एअरलॉक, म्हणजे वायू बाहेर सोडणारी पण हवा आत न घेणारी झाकणावरची छोटी नळी, असला तर छान, नसला तरी झाकण थोडं सैल ठेवून भागतं. आत तयार होणारा कार्बन डायऑक्साइड बाहेरच ढकलला जात असतो, हवा आत शिरायला वाव कमी. पैसे वाचवायचे तर एअरलॉकवर वाचवा, हायड्रोमीटरवर नको. का, ते पुढे येईलच. दुसरी बादली मात्र जमल्यास घ्या. बाटल्या भरायच्या दिवशी ती फार उपयोगी पडते. मोठं पातेलं, वर्ट थंड करायची तांब्याची वेटोळी वगैरे काहीही आता लागत नाही.

स्वच्छतेबद्दल नवख्यांची एक हमखास गल्लत होते. धुणं वेगळं आणि निर्जंतुक करणं वेगळं. मळ असलेल्या पृष्ठभागावर सॅनिटायझर काम करत नाही, म्हणून आधी धुवायचं. त्यासाठी सोडियम परकार्बोनेट उत्तम, किंवा वास नसलेला साबण आणि भरपूर पाणी. खरखरीत घासणी वापरू नका. प्लास्टिकला ओरखडे पडले की जंतू त्यात घर करतात आणि मग कितीही धुतलं तरी निघत नाहीत. मग आम्ल सॅनिटायझर, फॉस्फरिक आम्लावर आधारलेलं, ज्याला नंतर पाण्याने विसळावं लागत नाही. बाटलीवर सांगितलेल्या प्रमाणात पातळ केलं की एक-दोन मिनिटं ओलं राहिलं तरी पुरतं. त्याचा फेस होतो. माझ्या पहिल्या वेळी तो फेस घालवायला मी बादली पाच वेळा नळाखाली धरली, म्हणजे निर्जंतुक केलेली बादली स्वतःच पुन्हा अशुद्ध केली. तो फेस राहू द्या, बिअरला काही होत नाही.

कपडे धुवायचं ब्लीच सुचवणारे पुष्कळ भेटतील. चालतं, पण त्यातलं क्लोरीन थोडंसं जरी मागे राहिलं तरी बिअरमधल्या फिनॉलशी मिळून क्लोरोफिनॉल तयार होतं. त्याची चव म्हणजे मलमपट्टीचा डबा चाटल्यासारखी, आणि अगदी नगण्य प्रमाणातही ती जिभेला कळते. तीच गोष्ट नळाच्या पाण्याची. तुमच्या पाण्याला क्लोरीनचा वास येत असेल तर मेटाबायसल्फाइटची कॅम्पडेन गोळी वापरा. एक गोळी साधारण ७५ लिटरला पुरते, म्हणजे तुम्हाला अर्धीही खूप झाली. कुस्करून टाका, ढवळा, काही मिनिटांत काम होतं. पाणी नुसतं उकळून क्लोरीन जातं, पण काही ठिकाणी त्याऐवजी क्लोरामाइन घालतात आणि ते सहजी उडत नाही. म्हणून मी उकळत बसत नाही, गोळीच टाकते.

या सगळ्यात भीती आरोग्याची नसते, चवीची असते. अल्कोहोल, हॉप्स आणि आम्लता यांच्यामुळे आजार पसरवणारे जंतू तयार बिअरमध्ये तग धरत नाहीत. दुसरी भीती मिथेनॉल या विषारी अल्कोहोलची, ती जवळजवळ प्रत्येक नवखा मला विचारतो. माल्ट आंबवून केलेल्या बिअरमध्ये ते नगण्य असतं. धोका असतो तो ऊर्ध्वपातनात, आणि तो आपला विषय नाही.

पत्रकातली मला न पटणारी पहिली सूचना म्हणजे एक किलो साध्या साखरेची. साखर पूर्णपणे आंबते. तिच्यातून अल्कोहोल मिळतं, पण तोंडाला भरीवपणा जाणवावा असं काहीच मागे उरत नाही. २३ लिटरमध्ये एक किलो साखर म्हणजे आंबण्याजोग्या ऐवजापैकी चाळीस टक्क्यांहून जास्त वाटा साखरेचा, तर माल्टचा स्वाद कुठून येणार? तिच्याऐवजी एक किलो कोरडं, म्हणजे पावडरीचं, हॉप्स न घातलेलं माल्ट एक्स्ट्रॅक्ट घ्या. तेही नको असेल तर निम्मं माल्ट आणि निम्मी साखर, आणि पाणी २३ ऐवजी २० लिटर. किटमध्ये एकच बदल करायला मला कुणी परवानगी दिली तर तापमान सांभाळण्याखालोखाल मी हाच करीन.

दुसरी गोष्ट पुडीची. ती बहुधा ५ ते ७ ग्रॅमची असते आणि गोदामात डब्याबरोबर महिनोन्महिने उकाडा खात पडलेली असते. डब्यावरची तारीख जवळ आली असेल किंवा उलटून गेली असेल तर ती पुडी सरळ बाजूला ठेवा आणि एल जातीच्या (साध्या खोलीच्या तापमानाला आंबवणाऱ्या) कोरड्या यीस्टची ११ ग्रॅमची वेगळी पुडी घ्या. तारीख लांबची असली तरी मी घेतेच, कारण यीस्ट कमी पडलं की ते दमतं, आणि दमलेल्या यीस्टने केलेल्या बिअरची चव लपत नाही. डब्यावर 'लागर' लिहिलेलं असेल तर पुडीवर काय लिहिलंय तेही बघा. अशा बऱ्याच किटांत आतलं यीस्ट एलचंच असतं, कारण खरं लागर यीस्ट मागतं १० ते १३ अंश, आणि एवढी थंड जागा नवख्याकडे नसते हे बनवणाऱ्यालाही ठाऊक असतं.

प्रत्यक्ष कृती तासाभराची आहे. डबा पंधरा मिनिटं गरम पाण्यात उभा ठेवा, नाहीतर आतला पाक निम्मा डब्यालाच चिकटून राहील. निर्जंतुक केलेल्या बादलीत दोन-तीन लिटर उकळलेलं पाणी, त्यात डब्यातला पाक आणि माल्टची पावडर. पावडर वाफेवर धरू नका, पाकिटातच तिचा दगड होतो. गुठळ्या मोडेपर्यंत ढवळा. मग थंड पाणी घाला, पण शेवटचे चार-पाच लिटर तापमान बघून, कधी गार तर कधी कोमट, असं की एकूण मिश्रण १८ ते २० अंशांवर येईल. डब्यातला ऐवज आधीच उकळलेला असतो. तो पुन्हा उकळला तर हॉप्सचा उरलासुरला सुवास उडतो आणि रंग गडद होतो. मिळवत काहीच नाही.

थंड पाणी जरा उंचावरून पडू द्या, खळखळू द्या. यीस्टला सुरुवातीला ऑक्सिजन लागतो. संपूर्ण प्रक्रियेत हवा हवीशी असते ती याच क्षणी, इथून पुढे ती शत्रू. मग पुन्हा एकदा तळापासून नीट ढवळा आणि हायड्रोमीटरने पहिलं माप घ्या. नीट ढवळलं नाही तर जड पाक तळाशी बसतो आणि माप भलतंच येतं. 'किटची घनता चुकीची आहे' अशा तक्रारी निघतात त्या बहुतेक याच कारणाने. वर सांगितलेल्या प्रमाणात २३ लिटरला १.०३८ ते १.०४० च्या आसपास यायला हवं. आकडा लिहून ठेवा. यीस्ट वरून भुरभुरा, झाकण लावा, झालं. यीस्ट कोमट पाण्यात भिजवून घालावं की कोरडंच, यावर लोक तावातावाने भांडतात. मी दोन्ही केलंय आणि किटच्या बिअरमध्ये मला फरक सापडलेला नाही.

आता त्या चौथ्या प्रश्नाकडे येते.

काही पत्रकांवर २१ ते २७ अंश लिहिलेलं असतं. २७ अंशांवर एल यीस्ट मरत नाही, उलट सुसाट धावतं, आणि पत्रक लिहिणाऱ्याला तेच हवं असतं: लवकर आंबावं आणि ग्राहकाने लवकर दुसरा डबा घ्यावा. पण धावताना ते नको असलेल्या गोष्टीही जास्त तयार करतं. फळांसारखे, पिकल्या केळ्यासारखे वास देणारी एस्टर्स वाढतात, आणि घशाला चटका देणारी जड अल्कोहोलं वाढतात. केळ्याचा वास काही जातींच्या बिअरमध्ये हवाहवासा असतो, पण ते यीस्टच वेगळं. तुमच्या पुडीतल्या यीस्टसाठी १८ ते २० अंश ही सुखाची जागा धरा.

यातली मेख अशी की हे तापमान खोलीचं नाही, बादलीच्या आतलं. आंबताना उष्णता बाहेर पडते. खोली २० अंशांवर असली तरी जोरात आंबण्याच्या काळात आत २३-२४ सहज होतात. म्हणून पट्टी बादलीवर चिकटवायची, भिंतीवर नाही. आणि हे सांभाळायचं असतं मुख्यतः पहिले तीन दिवस. चवीचं बरंवाईट तेव्हाच ठरतं. त्यानंतर बादली २१-२२ वर गेली तर बिघडत नाही, उलट शेवटची साखर संपवायला यीस्टला मदतच होते.

जागा गरम असेल तर बादली एका मोठ्या टबात ठेवा, टबात गुडघाभर नाही पण बादलीच्या निम्म्यापर्यंत पाणी घाला, आणि बर्फ केलेल्या दोन पाण्याच्या बाटल्या त्यात सोडा. सकाळ-संध्याकाळ बाटल्या बदलायच्या. बादलीला ओलं सुती कापड गुंडाळून त्याची टोकं पाण्यात ठेवली आणि पंखा लावला तर आणखी उतरतं. एवढ्यावर मी चार ते सहा अंश खाली आणलेले आहेत. पाण्याच्या वस्तुमानाचा दुसरा फायदा म्हणजे दिवस-रात्रीचे चढउतार बादलीपर्यंत पोचत नाहीत. जागा फार थंड असेल तर उलटं: १५ च्या खाली एल यीस्ट सुस्तावतं आणि मध्येच झोपी जातं. तेव्हा टबात कोमट पाणी, किंवा बादलीला जाड पांघरूण.

आणि जागा सतत ३० च्या वर असेल, बर्फाची यातायात रोज जमणार नसेल, तर तापमानाशी झुंजण्यापेक्षा यीस्ट बदला. नॉर्वेतल्या शेतघरांत पिढ्यान्‌पिढ्या जपलेल्या यीस्टला क्वाइक म्हणतात. त्यातली वॉस ही जात आता कोरड्या पुडीत मिळते आणि २५ ते ४० अंशांपर्यंत बिनतक्रार काम करते. हलका संत्र्याच्या सालीसारखा वास येतो, चटका येत नाही. मी अनेक वर्षं उन्हाळ्यात बिअरच करत नव्हते, ती या यीस्टमुळे करायला लागले.

यीस्ट घातल्यावर बारा ते छत्तीस तासांत फेस दिसायला लागतो. तिसऱ्या-चौथ्या दिवशी तो बसतो, एअरलॉकचे बुडबुडे मंदावतात, मग थांबतात. पत्रक इथेच बाटल्या भरायला सांगतं. आणि माझी गोष्ट इथेच घडली.

माझी दुसरी बिअर. पाचव्या दिवशी बुडबुडे थांबले, सहाव्या दिवशी मी पत्रकाप्रमाणे बाटल्या भरल्या. हायड्रोमीटर पेटीतच होता, एअरलॉक सांगतोय तर मापायचं कशाला? खरं तर दोन रात्री गारठा पडला होता आणि यीस्ट झोपलं होतं. हवा पुन्हा तापली तसं ते जागं झालं, आता बंद बाटलीत. तीन आठवड्यांनी रात्री कपाटातून आवाज आला. सकाळी उघडलं तर तीन बाटल्यांचे तुकडे कपाटाच्या दारात रुतलेले. मी समोर असते तर डोळ्यांत गेले असते. उरलेल्यांपैकी एक लांबूनच, जाड टॉवेलमध्ये धरून उघडली आणि मापली: अजूनही आंबतच होती.

हिशेब करून बघा. बिअरमधला वायू 'व्हॉल्यूम'मध्ये मोजतात. एक लिटर बिअरमध्ये एक लिटर वायू विरघळलेला असेल तर एक व्हॉल्यूम. नेहमीच्या बिअरमध्ये २.२ ते २.६ असतो, आणि साध्या बिअरच्या बाटल्या ३ च्या आसपासपर्यंतच सुरक्षित धराव्यात. साखर आंबत जाते तशी घनता उतरते. घनता १.०१८ वरून १.०१७ वर आली, म्हणजे एका अंकाने उतरली, की साधारण अर्धा व्हॉल्यूम वायू तयार होतो. १.०१८ ला बाटलीत भरलेली बिअर १.०१० पर्यंत उतरली तर नुसत्या तेवढ्याने चार व्हॉल्यूम, आणि फेसासाठी घातलेल्या साखरेचा वायू वेगळा. ती बाटली फुटणारच.

म्हणून नियम एकच: बुडबुडे बघू नका, घनता मापा. झाकणाच्या फटीतून वायू निसटत असेल तर भर आंबण्याच्या काळातही बुडबुडे येत नाहीत, आणि आंबणं संपलेलं असताना नुसती खोली तापली तरी येतात. दहाव्या दिवशी पहिलं माप घ्या, दोन-तीन दिवसांनी दुसरं. दोन्ही सारखी आली आणि १.००८ ते १.०१२ च्या पट्ट्यात असली, तर झालं. मापायला काढलेला नमुना परत बादलीत ओतायचा नाही, प्यायचा. बिअर कशी घडत जाते हे त्यातूनच कळतं. मुरड घालावी लागते ती हाताला, रोज झाकण उघडून बघायच्या सवयीला.

१.०४० वरून १.०१० झालं असेल तर फरक ०.०३०, त्याला १३१.२५ ने गुणलं की ३.९, म्हणजे अल्कोहोल जवळजवळ ४ टक्के.

घनता स्थिरावल्यावरही मी लगेच भरत नाही, दोन आठवडे पूर्ण होऊ देते. साखर संपली तरी यीस्टचं काम संपलेलं नसतं. आंबताना तयार झालेलं अ‍ॅसिटाल्डिहाइड, ज्याला कच्च्या हिरव्या सफरचंदाचा वास येतो, आणि डायअसिटिल, ज्याला लोण्याचा येतो, ही दोन्ही ते स्वतःच पुन्हा शोषून घेतं. पण त्यासाठी त्याला बिअरमध्ये राहू द्यावं लागतं. सहाव्या दिवशी भरलेल्या बिअरला जी 'घरगुती' चव म्हणतात तिचा बराचसा भाग म्हणजे हे अर्धवट राहिलेलं काम. तळाशी गाळ साचलाय म्हणून बिअर मध्येच दुसऱ्या बादलीत ओतायचा सल्ला जुना आहे. दोन-तीन आठवड्यांत त्या गाळाने काही होत नाही, ओतताना मात्र हवा मिसळते.

बाटल्या भरायच्या दिवशी साखर वजन करून घ्या, चमच्याच्या अंदाजाने नको. गाळ सोडून साडेएकवीस लिटर बिअर हाती येते असं धरलं, तर लिटरला ६ ग्रॅम म्हणजे सुमारे १३० ग्रॅम साखर. ती पेलाभर पाण्यात उकळून, निवू देऊन दुसऱ्या निर्जंतुक बादलीच्या तळाशी ओता आणि बिअर नळीने तिच्यावर अलगद उतरवा, नळीचं टोक तळाशी धरून, जराही शिंतोडे न उडवता. सगळ्या बाटल्यांना सारखी साखर मिळते. दुसरी बादली नसेल तर अर्ध्या लिटरच्या बाटलीत ३ ग्रॅम, प्रत्येक बाटलीत मोजून. पहिल्या वेळी घाई करून बिअर धबाधबा ओतली तर महिन्याभरात तिला ओल्या पुठ्ठ्याची चव येते. ती ऑक्सिजनची.

बाटल्या काचेच्याच हव्यात असं नाही. पहिल्या खेपेला मी तर प्लास्टिकच्या घ्या म्हणेन, सोड्याच्या दाबाला टिकणाऱ्या. दाबून बघितलं की आतला जोर कळतो, आणि फुटल्याच तर काच उडत नाही. निदान एक तरी अशी भरा. ती दगडासारखी कडक झाली की बाकीच्यांतही वायू भरला, आणि फुगून तिचा आकार बिघडायला लागला तर सगळ्या लगेच थंड करून जपून दाब सोडा. काचेच्या घेतल्यात तर गडद तपकिरी. पारदर्शक आणि हिरव्या बाटलीतली बिअर उन्हात ठेवली की हॉप्समधले घटक प्रकाशाने मोडतात आणि कुबट, उग्र वास सुटतो. काचेच्या बाटल्या खोक्यात ठेवून वर जाड कापड टाका.

भरलेल्या बाटल्या दोन आठवडे १८ ते २२ अंशांवर, अंधारात. लगेच फ्रिजमध्ये घातल्या तर वायू तयारच होणार नाही. ओतताना तळाचं बोटभर यीस्ट बाटलीतच राहू द्या.

थोडक्यात क्रम बघायचा तर तासभराची कृती, तीन दिवस तापमानावर डोळा, दहाव्या दिवसापासून मापं, चौदाव्याला बाटल्या, अठ्ठाविसाव्याला पहिला ग्लास. मला माहीत आहे की तुम्ही विसाव्यालाच एक उघडणार. उघडा. ती कच्ची लागेल, मग आणखी दोन आठवड्यांनी दुसरी उघडा आणि दोन्हींची तुलना वहीत लिहा.

राहिला धान्याचा प्रश्न. ज्यांना स्वयंपाकघरातली लांबलचक कामं आवडतात, त्यांनी थेट धान्यापासून सुरुवात केली तरी माझी हरकत नाही. पण त्यात एकदम पाच गोष्टी नव्या असतात, आणि बिअर बिघडली तर चूक भिजवण्यात होती, उकळण्यात होती की आंबवण्यात, हे कळायला मार्ग नसतो. किटमध्ये पहिल्या दोन शक्यता बाद झालेल्या असतात. चटका लागला तर तापमान, मलमपट्टीची चव आली तर क्लोरीन, पुठ्ठा लागला तर हवा, पाणचट झाली तर साखर. कारण लगेच सापडतं. दोन-तीन किटं अशी केलीत की आंबवणं हातात बसतं, आणि ते धान्याच्या बिअरलाही जसंच्या तसं लागू पडतं. दुसऱ्या किटला फक्त एक गोष्ट बदला. माझा आवडता बदल म्हणजे आंबणं मंदावल्यावर, बाटल्यांच्या तीन-चार दिवस आधी २५-३० ग्रॅम सुवासिक हॉप्सच्या गोळ्या सरळ बादलीत टाकायच्या. डब्यातून उडालेला सुवास तेवढ्याने परत येतो.

यीस्ट कोणतं घ्यावं हे मात्र मी आत्ताच सांगू शकत नाही. बादली जिथे ठेवणार आहात तिथे आज एक साधा थर्मामीटर पाण्याच्या भांड्यात बुडवून ठेवा, सकाळी आणि दुपारी दोन-तीन दिवस आकडे लिहा आणि मला कळवा. डबा तोवर फोडू नका.